उजव्या चाकाचे टाके

४ मार्च

टाका आखूड पडलाय!

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कॉम्प्युटरची काचही पुसली — मागच्या वर्षीची फजिती विसरलेले नाही. तरी तसंच.

गाडीने काल मंगळावर एकशे चार मीटर कापले. जायचंय ते विवर आता सहाशे मीटरवर. थांबल्यावर मागे वळून काढलेला फोटो आज दुपारी सगळ्यांसाठी नेटवर आला. तांबड्या मातीवर चाकांच्या दोन ओळी — खाकी कापडावर दुहेरी टीप मारावी तशा. चाकं सहा, पण मागच्या दोन चाकांनाच एकेक खाच आहे. चाक एकदा पुरतं फिरलं की मातीत तिची एक खूण उमटते. म्हणजे एक फेरा, एक टाका. दोन्हीकडे सारखे पडायला हवेत. डावीकडचे सारखे आहेत. उजवीकडचे जवळजवळ आलेत. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, एवढं मला बसल्या जागेवरून कळतं.

मशीनवर असं झालं की समजायचं, कापड पुढे सरकत नाहीये, सुई तिथल्या तिथे नाचतेय. मग तिकडे? चाक फिरतंय पण माती धरत नाहीये?

 ती गाडी माझी लेक, छकुली चालवते.

५ मार्च

आजच्या फोटोतही तेच. संध्याकाळी बटण लावायला बसले तर सुईत दोरा जाईना.

६ मार्च

शेवटी यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "इथलं दुकान बंद केलंस, आता कोट्यवधी किलोमीटरवरचं उसवायला निघालीस!" मग पेपर खाली ठेवला. "आणि पुन्हा चहाचा डाग निघाला म्हणजे?"

तेच तर. मागच्या वर्षी एका फोटोत मला गाडीच्या वाटेवर काळाभोर खड्डा दिसला. घाबरून छकुलीला फोन केला, ती तशीच धावत मुख्यांकडे गेली. खड्डा कसला! माझ्याच काचेवर चहाचा थेंब वाळला होता. तिच्या ऑफिसात अजून चिडवतात — "आईसाहेबांचा खड्डा चुकवून चालवा हं!" अडतीस वर्षांची बाई, पण त्या दिवशी फोनवर रडवेली झाली होती. "आई, फोटो बघ, खुशाल बघ. पुस्तकं वाच, नकाशे भिंतीवर लाव. पण सल्ले नकोत. माझं नाव आहे इथे."

नाव आहे म्हणूनच जीव टांगणीला लागलाय. रोज गाडी थांबली की चाकांचे फोटो तपासायचे, "चाकं ठीक" असं लिहायचं आणि खाली सही करायची, हे काम तिचं. सही झाली की दुसऱ्या दिवशीची चाल. आणि आता सगळ्यांनाच घाई. तिथला हिवाळा तोंडावर आलाय. विवराच्या आतल्या उतारावर म्हणे ऊन टिकतं. ऊन नाही तर वीज नाही, वीज नाही तर गाडी गारठून संपली. म्हणून पळवत नेतायत.

सपाटीवर पाच चाकं मिळून एका लंगड्या चाकाला ओढून नेतील. पण उतारावर? तिथे घसरली तर गाडी गेली. तिची आणि तिच्यासारख्या शंभर जणांची सात वर्षं गेली. आणि सहीखाली नाव माझ्या लेकीचं.

८ मार्च

फोटो छापून आणला आणि टेपने मोजला. डावीकडचा टाका अकरा मिलिमीटर, उजवीकडचा साडेनऊ. कागद घेऊन तळमजल्यावरच्या ड्रॉइंगमास्तरांकडे गेले. मास्तर हसले. "वहिनी, दूरचं लहान दिसतं. रस्त्यावरचे खांब बघा ना, शेवटचा खांब काडीएवढा!"

हुश्श केलं! एवढी साधी गोष्ट. हलकी होऊन जिना चढले — आणि वरच्या पायरीवर पाय अडला. अहो, दोन्ही ओळी एकाच अंतरावर आहेत की! दूरचं लहान दिसेल, पण शेजारचं कसं लहान दिसेल?

डावीकडचा एक आणि त्याच्या बरोबर शेजारचा उजवीकडचा, अशा जोड्या लावून मोजल्या. अकरा, साडेनऊ. पुढची जोडी — दहा, साडेआठ. त्याच्या पुढची — नऊ, पावणेआठ.

पुन्हा खाली. मास्तरांनी स्वतःच्या पट्टीने मोजलं. दोनदा. मग पट्टी ठेवून म्हणाले, "वहिनी, थोडं पाणी घ्या." आणि ग्लास भरून स्वतःच प्यायले.

९ मार्च

रविवार. छकुलीचा फोन.

"काय म्हणतेस आई, जेवलीस का?"

जेवले म्हटलं. गाडी कशी आहे?

"मस्त! एकदम मस्त! दोनशे मीटर राहिले फक्त. बाबांच्या गुडघ्याचं काय? जेवलीस ना तू?"

अगं, जेवले.

भराभरा बोलत होती, मध्येच हसत होती. उन्हाळा, शेजारीण, नवीन पडदे — सगळं विचारलं. मी टेप हातात धरून बसले होते. आकडे ओठांवर आले होते. तेवढ्यात तो मेला खड्डा आठवला. "सांभाळून चालव" एवढंच बोलले.

"सपाट रस्ता आहे गं आई." आणि पुन्हा, "जेवलीस म्हणालीस ना?"

फोन ठेवला. भित्री कुठली मी!

११ मार्च

कालपासून नवीन फोटो नाहीत. एरवी दुपारी जेवणं होईपर्यंत येतात.

कपडे वाळत घालताना एकदम आठवलं आणि ओली चादर हातातच राहिली. छकुली नऊ वर्षांची होती. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर तिने खेळता खेळता तिरकं कापून ठेवलं, आणि घडी करून ढिगाच्या तळाशी सारलं. त्या दिवशी शाळेतून आल्यावर माझ्या मागे मागे फिरत होती — "आई, जेवलीस का?" तीन वेळा! मला वाटलं, पोरीला किती माया. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तेव्हा कळलं ती कसली माया होती. मारलं नाही मी. शेजारी बसवून सगळं अस्तर तिलाच उसवायला लावलं, आणि गिऱ्हाइकासमोर तिलाच बोलायला लावलं. अस्तराचे तुकडे हातात घट्ट धरले होते पोरीने. पण बोलली.

म्हणजे तिला माहीत आहे. तिनेही टाके पाहिलेत. पाहून "चाकं ठीक" लिहिलंय.

आजवर गाडीची भीती होती. ही वेगळीच आहे. हिचं नाव लिहायलाही पेन उठत नाही.

१२ मार्च

फोटो नाहीत. हे म्हणाले, "त्यांचं मशीन बिघडलं असेल, तू जेव." पण सकाळपासून स्वतः चारदा येऊन विचारून गेले — "आले का गं?"

१३ मार्च

राहवलं नाही. सकाळीच फोन केला. तिला "हॅलो"सुद्धा पुरतं म्हणू दिलं नाही.

"माझ्या खड्ड्यावर खुशाल हसा. पण उजव्या चाकाचे टाके आखूड आहेत, आणि ते तुलाही दिसलेत."

तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही. दहा दिवसांचं साठलेलं भडाभडा बाहेर आलं. "तरी सही करतेस? झोप कशी लागते तुला? नऊ वर्षांची असताना जे जमलं ते आज एवढी शिकून जमेना? लोक काय म्हणतील याचीच भीती ना? हेच शिकवलं मी तुला?"

"हं."

"उसव. आजच्या आज उसव. मुख्यांसमोर उभी राहा आणि सांग."

"हं." पाठीमागे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. "झालं बोलून, आई?"

झालं म्हटलं.

"बरं."

या वेळी जेवणाचं विचारलं नाही.

१४ मार्च

नाहीत. आज पाचवा दिवस.

डोळे मिटले की तेच दिसतं — विवराच्या तळाशी गाडी उलटी पडलीय, चाकं वर, आणि उजवं चाक अजून फिरतंय. छकुलीला दोनदा फोन लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायला धजावले नाही.

एवढं तोडून बोलायला नको होतं. खरं असलं तरी असं नाही बोलायचं. हे शेजारी येऊन बसले. पेपर उलटा धरला होता, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

१५ मार्च

सगळे फोटो एकदम आले!

गाडी विवरात गेलेलीच नाही. काठाच्या दीडशे मीटर अलीकडे दोन्ही ओळी थांबल्यात आणि तिथून वळून एका बुटक्या टेकाडाच्या उन्हाकडच्या अंगाला गेल्यात. हळूहळू, वावभर, फार तर दोन मीटर, चालून थांबत. वळली त्या फोटोखालची तारीख वाचली. बोट ठेवून पुन्हा वाचली.

१० मार्च. माझ्या फोनच्या तीन दिवस आधी!

पोरीने आधीच उसवलं होतं. आणि माझं सगळं मुकाट ऐकून घेतलं.

आत्ताच तिचा निरोप आला — "सहीवरून चौकशी होती, फोटो थांबवले होते, बोलायची मनाई होती. मला गाडीवरून उतरवलं. घरी येतेय. जेवायला थांब."

थांबते गं, छकुले.