वाळवणाची जागा आणि येसूचा हात

मी, अंबूबाई कोम ज्योतीराम तारू, वय वर्षे साठ, जात भोई, राहणार मौजे सांगवी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे जुने आहे, डोके मात्र शाबूत आहे. मजवर कोणी दडपण आणलेले नाही. ज्यांना आणायचे होते त्यांना मी हे लिहीत असल्याचे ठाऊक नाही. धंद्याच्या रकान्यात कारकून 'घरकाम' लिहितात. मी तीन वर्षे पवना-मुळा मच्छीमार सहकारी मंडळीची चिटणीस होते, हे येथे नमूद करते.

१. माझी मिळकत दोन ठिकाणी आहे. पहिली, सांगवीतील दोन खणांचे राहते घर. दुसरी, नदीकाठची अकरा गुंठे जागा, जिला सगळे वाळवण म्हणतात, कारण तेथे जाळी वाळतात. ही जागा माझ्या वडिलांची. ते दर शुक्रवारी पुण्याच्या लष्कर भागातल्या कॉन्व्हेंटला मासे पोचवत. त्याच दारातून त्यांनी मला आत नेले व शाळेत घालून घ्या म्हणाले. वर्गातल्या मुली माझ्या बाकावर बसत नसत, म्हणत वास येतो. सिस्टर अगाथांनी माझे बाक आपल्या टेबलाला लावून घेतले. मेणबत्तीचा आणि खळीच्या कपड्यांचा वास आला की मला अजून त्या टेबलाशी बसल्यासारखे वाटते. मी एकुलती एक, म्हणून वडिलांमागे जागा माझी झाली, आणि हल्लीच्या वारसा कायद्याने तिची मी संपूर्ण मालक आहे. याबद्दल कोणी वाद काढू नये.

२. वाळवण कोणाला द्यायचे हे समजण्यासाठी पुढील हकीकत वाचावी.

पूर्वी सांगवी, दापोडी आणि कासारवाडीचे भोई एकमेकांची जाळी कापत. खडकीकडे कारखाने वाढू लागले तशी काठावर कुंपणे पडली आणि पाण्यात उतरायची वाट बंद झाली. तेव्हा माझे यजमान ज्योतीराम यांनी सोळा घरे एकत्र केली. मी कलेक्टरसाहेबांना इंग्रजीत अर्ज लिहिला आणि वाट खुली झाली. सन १९५१ मध्ये मंडळी नोंदली गेली. नियम मी लिहिले. त्यातला मुख्य असा : जाळ्याच्या घरात, म्हणजे दोन गाठींमधल्या मोकळ्या जागेत, चार बोटे जोडून सहज गेली पाहिजेत. त्याहून बारीक जाळे नदीत उतरवू नये, म्हणजे पिल्ले निसटतील.

दर दसऱ्यानंतरच्या रविवारी यजमान वाळवणावर प्रत्येक जाळ्यात हात घालून पाहत. ते चणीने बारीक होते, बोटे सडपातळ. त्यांच्या हाताविषयी कोणाची तक्रार नव्हती. म्हणून नियमात मी नुसते 'चार बोटे' लिहिले. कोणाची, ते लिहायचे सुचले नाही. यजमान मरतील हे मी नियम लिहिताना धरलेच नव्हते.

ते सन १९५३ च्या श्रावणात गेले. पुढल्या मार्चात सभा भरली. यजमानांचे चुलतभाऊ बबनराव तारू आपल्या नऊ वर्षांच्या येसूला हाताला धरून घेऊन आले, आणि तिचा हात त्यांनी आपल्या बारीक जाळ्यात घालून दाखवला. मी हरकत घेतली, तर म्हणाले, "नियमात चार बोटं हाईत, वहिनी. ही काय पाच हाईत व्हय?" सगळे हसले. मी यजमानांची जाळे विणायची शिसवी पट्टी पुढे केली. ती त्यांनी स्वतःच्या चार बोटांइतकी रुंद घडवली होती. बबनराव म्हणाले, "मेलेल्याच्या मापानं जित्यांनी किती दिस उपाशी ऱ्हायाचं?" अध्यक्ष रंगराव यांनी टोपी कानांवर ओढली आणि थंडी फार आहे म्हणाले. मार्च महिना होता. मी पुन्हा बोलू लागले की बबनराव मध्येच बोलत. शेवटी त्यांनी मला ठराव सांगितला : "ल्हिवा. आमच्या येसूचा हात हेच माप. आन् कायमचं ल्हिवा, पुन्यांदा कटकट नगं."

मी लिहिले. शब्द बदलला नाही. बबनरावांनी त्याखाली पहिली सही केली. पुढल्याच सभेत बाईमाणसाने आता विश्रांती घ्यावी असे ठरवून माझ्याकडून दप्तर काढून घेतले. ठरावाची नक्कल मी आधीच करून ठेवली होती. ती सोबत जोडली आहे.

त्यानंतर नदीतल्या कातळडोहातून मरळ, शिंगाळा असे मोठे मासे गेले, आणि टोपल्यांतून बोटाएवढी पिल्ले निघू लागली. खडकी बाजारातले शफीभाई यांनी तशी एक टोपली परत पाठवली. मला म्हणाले, "भाभी, मी मासे तोलतो. पाळणे तोलत न्हाई." दुसऱ्या कोणीतरी ती घेतलीच.

३. यंदा संक्रांतीला येसू हळदीकुंकवाला आली. आता ती चौदा पुरी झाली. मी तिच्यासाठी आणलेल्या बांगड्या तिच्या हातात चढेनात. बापाचे पंजे घेतलेत पोरीने. मी शिसवी पट्टी काढून तिच्या चार बोटांवर ठेवली. पट्टी पूर्ण झाकली गेली, वर नखभर हात उरला. मला रडू आले, आणि खोटे कशाला लिहू, हसूही आले. येसूला सर्व सांगितले आणि दरसाल जाळी मोजशील का विचारले. तिने पट्टी पुन्हा आपल्या बोटांवर लावून पाहिली. मग म्हणाली, "तवा समद्यांनी माझा हात धरून जाळ्यात घातला, काकू. मला कुनी इचारलं न्हाई. आता मी माझ्या हातानं घालीन."

४. म्हणून वाळवणाची जागा मी मंडळीस देत आहे, पुढील अटीवर. दरसाल दसऱ्यानंतरच्या रविवारी येसूने तेथे प्रत्येक जाळ्यात हात घालून पाहावा. ज्यात तिची चार बोटे जाणार नाहीत ते जाळे त्या जागेत वाळू नये. पहिले जाळे बबनरावांचे तपासावे. मंडळीने सदर ठराव बदलला किंवा येसूस मोजू दिले नाही, तर त्याच दिवशी ही जागा सांगवीच्या परीट मंडळींची होईल. त्यांना कपडे वाळवायला जागा हवीच आहे. काठावर दुसरी मोकळी जागा उरलेली नाही, हे बबनराव जाणतात.

५. राहते घर, पोस्टातले पुस्तक आणि माझा इंग्रजी शब्दकोश येसूस. मोजणीवरून बापाने घराबाहेर काढले तर तिला स्वतःचे दार असावे. ती सज्ञान होईपर्यंत शाळामास्तर मारुतराव यांनी पालक म्हणून पाहावे. बबनरावांनी या घरात पालक म्हणून पाऊल टाकू नये. पाहुणे म्हणून आले तर तिने चहा द्यावा.

६. रंगराव यांस यजमानांचा लोकरीचा कानटोपा. तो कानांवर टोपीपेक्षा चांगला बसतो.

७. बबनराव यांस यजमानांची जाळे विणायची सुई आणि सुताच्या सहा लडी. त्यांना सगळी जाळी नव्याने विणावी लागणार आहेत. शिसवी पट्टी त्यांना मिळणार नाही. माप घ्यायला त्यांनी लेकीसमोर बसावे.

८. शफीभाई यांस काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत. काय हवे विचारले तेव्हा तेच म्हणाले की सही करायला मिळू दे.

९. माझ्या मयतीची व्यवस्था. बबनराव दीर आहेत, ते खांदा द्यायला येतील. त्यांना अडवू नये. पुढचा उजवा खांदा त्यांनाच द्यावा. तिरडी वाळवणावरून न्यावी. विसावा तेथेच घ्यावा, परंतु तिरडी खाली ठेवण्यापूर्वी मारुतराव मास्तरांनी कलम चार मोठ्याने, सावकाश, शेवटपर्यंत वाचावे, आणि सोळा घरची माणसे ऐकायला उभी असावीत. सभेत बबनरावांनी मला एकदाही पुरते बोलू दिले नाही. त्या दिवशी मी त्यांच्या खांद्यावर असेन.

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि यापूर्वी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

सही : अंबूबाई ज्योतीराम तारू

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली :
१. शफी इब्राहिम, मासळीचे व्यापारी, खडकी बाजार. सही.
२. रुक्मिणीबाई कोम सोपानराव, शेजारीण, सांगवी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम सांगवी, रविवार, तारीख २२ फेब्रुवारी १९५९