मामा अजून निवृत्त व्हायचे आहेत

तीर्थरूप मामांस,

धाकट्या भाचीचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत आहे हे रोज सकाळी धुलाईघरात तुम्हाला पाहून कळतंच, पण पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारते. गुडघा कसा आहे? (मामींना विचारलं तर त्या म्हणतात, गुडघ्याला काय धाड भरलीय, रोज इस्पितळ गाठतोच की.)

मामा, इस्पितळाच्या धुलाईघरातून निवृत्त होताना तुम्ही तुमच्या जागी मुकादम म्हणून माझं नाव सुचवलंत. साहेब म्हणाले, नेतृत्वाचं प्रमाणपत्र आणलं तर कायम करू, नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ. तेव्हा तुम्हीच मला कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात घातलंत. हे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. मला वाटलं होतं, ऑनलाइन म्हणजे काय, कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि मान हलवायची. पण या कॉलेजात प्रत्येकामागे एक मार्गदर्शक बाई असतात, आणि माझ्या वाट्याच्या बाई हात धुऊन मागे लागणाऱ्या. धडा चुकला की फोन, उत्तर अर्धवट राहिलं की फोन. पहिल्याच तासाला मी जरा शांतता मिळेल म्हणून इस्त्रीच्या खोलीत बसले. वाफेने कॅमेरा असा धुरकटला की वर्गाला वाटलं आग लागली. बाईंनी घाबरून थेट इस्पितळात फोन लावला आणि पहारेकऱ्याने धावत येऊन आग विझवायचं नळकांडं माझ्यावर आणि इस्त्री झालेल्या चादरींवर रिकामं केलं. (चादरी तुम्ही पुन्हा धुऊन घेतल्यात. तेही उपकारच.) पण बाई रागावल्या नाहीत हो. तास रेकॉर्ड करून पाठवायची सोय केली, साहेबांशी बोलून मला कपड्यांच्या कोठारात बसायची परवानगी मिळवून दिली. शाळा सुटल्यापासून माझ्या शिकण्याची इतकी काळजी कुणी केली नव्हती, मामा. त्या दिवशी चादरींच्या ढिगामागे बसून मी चक्क रडले.

मग प्रात्यक्षिक आलं: हाताखालच्या माणसांना काम वाटून द्या आणि तासभर तोंड उघडू नका. मी तोंडाला कुलूप लावलं. इस्त्रीवाल्याला वाटलं दाढ दुखतेय, त्याने लवंग आणून दिली. पण कामं झकास चालली होती. धुणाऱ्या मावशींनी शस्त्रक्रियेचे हिरवे झगे न सांगता वेगळे काढले. तेवढ्यात तुम्ही आलात, पोरगी बोलत नाही म्हणजे आजारी आहे म्हणालात, मला रजा देऊन घरी धाडलंत आणि पुढचं सगळं स्वतः पाहिलंत. माझी रजा मंजूर करायचा अधिकार तुम्हाला कुठला, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, घरी पोचेपर्यंत. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "मग गटाचं नेतृत्व कुणी केलं?"

"मामांनी."

"ते निवृत्त आहेत ना?"

"कागदोपत्री आहेत."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, जे सांगायला तुमची जीभ रेटत नाही ते मामांना सांगा, हीच तुमची शेवटची परीक्षा. फोनवर सरावही करून घेतला, मी मीच आणि त्या मामा झाल्या. तुमचा आवाज कधी न ऐकताही त्यांनी तो असा काढला की मी 'बरं मामा' म्हणून फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

मामींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा.

तुमची भाची

ता. क. सोमवारपासून तुम्ही धुलाईघरात येऊ नका. मला जे येतं ते तुम्हीच शिकवलंत, म्हणून तर तुम्ही समोर असलात की माझ्यासकट सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही येत राहिलात तर मी तुमची भाचीच राहीन, मुकादम व्हायची नाही.

आणखी एक ता. क. हे मामींना आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, हे दिवसभर घरी बसणार असतील तर त्या वर्गात माझंही नाव घाल.

शेवटचा ता. क. या पत्राची प्रत बाईंना पाठवायची आहे, पास-नापास त्यावरच ठरणार. तेव्हा एकदा नजरेखालून घाला, आणि कुठे चुकलं असेल तर तुमच्या हाताने नीट करून द्या.