पीलिया उतरला होता

आई, 'उतरला' हा तुझा लाडका शब्द होता. ताप उतरला, नजर उतरली, बाबांचा राग उतरला, आणि सगळ्यात अभिमानानं तू सांगायचीस तो पीलिया उतरला. कावीळ हा शब्द मी पुस्तकात वाचला; आपल्या गढा मोहल्ल्यातल्या घरात तो पीलियाच होता, कारण हिंदी बोलणारी गल्ली तेच म्हणायची. मी तुझ्या पोटात होते, शेवटचे महिने चालले होते, तेव्हा तुझे डोळे पिवळे झाले आणि मावशीनं तुला जडीची माळ आणून दिली. दोऱ्यात गुंफलेल्या बारीक काड्या. ती डोक्यावर ठेवायची, मग ती आपोआप लांबत गळ्यात येते, छातीवर येते, पोटावर येते. माळ जितकी खाली, तितका पीलिया खाली. काड्या सुकतात, गाठी सैल होतात म्हणून माळ वाढते, हे मला आता माहीत आहे. तेव्हा माळ तुझ्या पोटावर आली, डोळे पांढरे झाले आणि सुंठीवाचून खोकला गेला म्हणून सगळे खूश. थोड्याच दिवसांनी मी जन्मले. आल्यागेल्याला तू ही गोष्ट इतकी सांगितलीस की मला ती माझ्याच वाढदिवसाची गोष्ट वाटायची.

मग मी शाळेत असताना तुझ्या पोटाचं एक छोटं ऑपरेशन ठरलं आणि त्याआधी रक्त तपासलं. नेपियर टाउनच्या दवाखान्यातून तू घरी आलीस आणि सांगितलंस. पीलिया रक्तात आहे म्हणाले, 'बी'वाला आहे म्हणाले. तुला तो कुठून लागला, कोण जाणे. गल्लीतला इंजेक्शनवाला एकच सुई घरोघर फिरवायचा, त्याच्याकडून असेल. दवाखान्यात तुला आणखी काय सांगितलं आणि तू काय ऐकलंस, तेही मला ठाऊक नाही. घरी मात्र मावशीनं सांगितलं की छूतचा आजार आहे, शिवल्यानं लागतो, लेकरांवाल्या घरात सांभाळून राहावं लागतं. मावशीचं मन वाईट नव्हतं. तुझं ताट वेगळं झालं, गिलास वेगळा झाला, टॉवेल वेगळा झाला. स्वयंपाक तूच करायचीस, पण मीठ चाखून बघणं सोडलंस, त्यामुळे भाजी कधी अळणी, कधी खारट. पीलियात हळद चालत नाही म्हणून सगळ्या घराचं वरण पांढरं झालं. बाबा ते न बोलता खायचे. कारखान्यातून दमून आलेला माणूस पांढरं वरण न बोलता खातो, हे प्रेमच असणार. मला तेव्हा ते नुसतं वरण वाटायचं.

आणि रोज सकाळी तू मला दारात उजेडात उभं करायचीस. स्वतः चार हात लांब उभी राहून म्हणायचीस, डोळे दाखव, खालची पापणी ओढ. माझे डोळे पांढरे दिसले की तुझा जीव भांड्यात पडायचा. पीलिया असला तर डोळ्यांत दिसेल, एवढाच तुझा हिशेब. माझं रक्त तपासावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दहावीचा निकाल लागला तो दिवस मला अजून दिसतो. मी राइट टाउनच्या शाळेतून सायकल हाणत आले आहे, घाम आलाय, आणि तू ओट्याशी उभी आहेस. मी तुझ्याकडे धावते आणि तू दोन्ही हात पुढे करतेस. घ्यायला नाही, थांबवायला.

"तिथंच थांब. काहून जवळ येऊन राहिली? माहं लागन न तुले."

मग तू ओट्याच्या कडेला कागदावर एक पेढा ठेवलास, मागे सरकलीस आणि म्हणालीस, घे. मी घेतला. पेढा चांगला होता. तुला आनंद झाला होता, तोंडावर दिसत होता. मी अभ्यास करत राहिले, तू लांब बसून माझ्याकडे बघत राहिलीस, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तुझं पोट पाण्यानं फुगलं. यकृत आकसलंय म्हणाले. तू गेलीस तेव्हा आंघोळ घालताना बायकांनी मला तुझा हात धरायला सांगितला. मी धरला. इतक्या वर्षांनी तुला लागलेला माझा तो पहिला हात. मला काही वाटलं नाही. सगळे म्हणाले, पोरीनं टाहो फोडला पाहिजे, आत साठेल. साठलं असेल तर मला अजून सापडलेलं नाही.

त्यानंतरही मी ठणठणीत होते. लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, दिवस गेले. पहिल्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून मला बसायला सांगितलं आणि विचारलं, आईला कधी पीलिया झाला होता का? मी तुझी गोष्ट सांगितली, माळेसकट. त्या हसल्या नाहीत. तुमच्याही रक्तात तोच आहे, जन्माच्या वेळीच आला असणार, म्हणाल्या, असा तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. मी ताट-गिलास वेगळं ठेवायचं का, तेवढंच विचारलं.

"किसने कहा? साथ खाने से नहीं फैलता, छूने से नहीं, गले लगाने से नहीं. खून से फैलता है, असुरक्षित संबंध से, और माँ से बच्चे को, जन्म के समय."

मी मान हलवली आणि खाली ऑटो मिळेल का, असं विचारलं. ऑटोत बसल्यावर मला एवढंच सुचलं: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तू ज्याच्यापासून मला वाचवत होतीस, ते तू हात लांब करायच्या कितीतरी आधीच माझ्यात होतं. संध्याकाळी बाबांना सांगितलं.

"तुह्या आईचा तं उतरला होता वं," म्हणाले.

हो बाबा, म्हटलं, माझ्यात उतरला. ते उठून बाहेर जाऊन बसले.

पुढचं सगळं मी नीट केलं. रक्तात विषाणू फार होते म्हणून शेवटचे महिने रोज एक गोळी घेतली. बाळाला ते लागू नये म्हणून. ती गोळी अजून चालू आहे, आणि दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी. नवऱ्याची तपासणी झाली, तो सुटला, त्यानं लस घेतली. त्याचं ब्लेड, माझा ब्रश, नेलकटर, एवढंच वेगळं. मुलगी झाली आणि तिला जन्मतःच दोन्ही मांड्यांत सुया टोचल्या, एक लस आणि एक तयार प्रतिकारद्रव्याची. ती कळवळून रडली आणि मी बघत राहिले. मी तिला पाजायला घेईना, तेव्हा वॉर्डातल्या नर्स दीदीनं तिला उचलून माझ्या छातीशी लावलं आणि म्हणाली, पिलाओ, कुछ नहीं होता. ती चिकटली. मी तिला धरून होते, जसं दुसऱ्याचं सामान धरावं. डोस वेळेवर दिले. वर्षभर मी पोळ्या केल्या, पेपर तपासले, तिला न्हाऊ घातलं, आणि आत सगळं बधिर. तिच्या रक्तात ते गेलं का, हे कळायला तिला वर्षाची व्हावं लागणार होतं, आणि तोवर मला तिच्यावर जीव लावायची भीती वाटत होती. नवऱ्यालाही मी हे सांगितलं नाही.

काल रिपोर्ट आला. इन्फेक्शन नाही, लसीचा असर चांगला झालाय. नवरा तिथेच खुर्चीत बसून रडला. मी डॉक्टरीणबाईंना थँक्यू म्हटलं, मुलीची टोपी नीट केली. घरी आलो, दुपारी ती माझ्या अंगावर झोपली, तोंड उघडं, सगळी लाळ माझ्या मानेवर. गरम, जड, घामेजलेली. एवढंच. एवढंच होतं ते, आणि ते केव्हाही करता आलं असतं.

आई, तेव्हा मला तुझा राग आला. इतका की तिला जाग येऊ नये म्हणून मी दात आवळून पडले. आजाराचा नाही, तो माझ्यात उतरलाय हे तुला ठाऊक नव्हतं. तू मला जवळ घेतलं नाहीस, त्याचा. तुला तसंच सांगितलं होतं, तू माझ्यासाठीच केलंस, हे सगळं मला कळतं आणि राग तरी आहे. हे तुझ्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तू वाचून स्वतःलाच बोल लावत बसली असतीस. शिवाय तू गेल्यापासून मला तुझ्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी वाटलंय, आणि इतक्यात ते मला सोडवत नाही.