पानांचा माणूस

बारामती, चैत्र १९५४

प्रिय पद्मा,

भटजींनी पळसाच्या पानांच्या बाहुल्याला डोकं म्हणून नारळ लावला, तोच रतननं तो उपटला आणि उंबऱ्यावर आपटून फोडला. पाणी तिच्या दिराच्या, कुंडलिकच्या, धोतरावर उडालं. तो ओरडला, "वयनी, दादाचं डोकं फोडलं की!" रतन म्हणाली, "तुज्या दादाच्या डोस्क्यात पानी न्हवतं." आणि खोबरं खाऊ लागली.

मी कन्हेरीला त्यांच्याच ओसरीवर होते. तिचा नवरा जयवंता लढाईत ब्रह्मदेशात गेला आणि बेचाळीस साली बेपत्ता झाला. मेला असं कुणी कळवलं नाही, आहे असंही नाही. बारा वर्षं वाट पाहायची, मग पानांचा माणूस करून जाळायचा. मागचे मोकळे होतात म्हणे. बायको मोकळी होते ती कुंकवापासून. बांगड्या फोडायला शेजारच्या बनाबाई दगड घेऊन बसल्याच होत्या.

हे आत्ताच कसं सुचलं, मी विचारलं. कुंडलिक म्हणाला, "दत्तोपंतांनीच सांगितलं. इंदापूरच्या शिवनवर्गात इधवांनाच घेत्यात. हिचं तर कुकू जाईना."

पद्मा, तुझे यजमान दत्तोपंत बेपत्ता शिपायांच्या घरच्यांना आधार देणारी समिती चालवतात. आधी विधवा व्हा, मग आधार! आणि तू? मागच्या खेपेला तू पान लावता लावता म्हणालीस, नियम आहे गं, बाईनं एक दिवस सोसायचं. एक दिवस? संक्रांतीला वाण द्यायला तू कुणाला बोलावतेस आणि कुणाला वगळतेस, ते मी दरवर्षी बघते.

शिवण रतनला हवंच आहे. दिराच्या घरची भाकरी तिच्या घशाखाली उतरत नाही. जयवंता येईल असंही ती म्हणत नाही. "मेला आसंल तर मेला. पर मी त्येला का मारू?" एवढंच म्हणते.

कुंडलिकनं तिला घराबाहेर काढलं. ती माझ्याकडे आहे, म्हणून हे लिहिते आहे. उद्या तिला या पत्रासह इंदापूरच्या गाडीत बसवते. कुंकू लावूनच येईल. तिला वर्गात बसव. दत्तोपंत नको म्हणाले, तर तिच्या बांगड्या त्यांनी स्वतःच्या हातानं फोडाव्यात, तुझ्यादेखत.

अजून तरी तुझीच,
श्यामला

सकाळी: रतन गाडीत चढली नाही. "इधवांच्या वर्गात मी कशाला जाऊ?" म्हणाली आणि कन्हेरीची वाट धरली. मी मागोमाग गेले. तिनं कुंडलिकच्या ओसरीवर तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवली. पत्र टपालानं पाठवते आहे.