आकाशाचं ठिगळ

प्रिय काटेकोर,

या नावानं तुला हाक मारणारं आता कुणी उरलं नसेल. शाळेत तू ‘बाई’ असशील, घरी कुणाची मावशी, कुणाची आत्या. पण मला दुसरं काही लिहवेना. तीन कागद नुसतं ‘प्रिय’ लिहून फाडले. चौथ्यावर हे नाव आपसूक उतरलं, म्हटलं राहू दे.

मी गेल्या महिन्यात निवृत्त झालो. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. मुलगी दातांची डॉक्टर झाली आहे. मी तोंड उघडलं की आधी दाढा बघते, मग म्हणणं ऐकते. विद्यापीठातल्या खगोलशास्त्र विभागाची इमारत तीच आहे, पण आपली संगणकाची खोली आता चहाची खोली झाली. जिथे ते अवाढव्य यंत्र दिवसभर घरघरायचं आणि आपण स्वेटर घालून बसायचो, तिथे आता बिस्किटांचे डबे असतात. खिडकीतून समोरच्या लाँड्रीच्या वाळत घातलेल्या चादरी मात्र अजून दिसतात. शेवटच्या दिवशी मी तिथे उभा राहून चहा प्यायलो आणि अर्धा तसाच टाकून आलो.

आपलं भांडण आठवतं का? पहिल्याच आठवड्यात जुंपली होती. मी म्हणालो होतो, विश्व अनंत आहे, त्यात वाद कसला. तू डोळे बारीक करून म्हणालीस, “अनंत हा आळशी माणसाचा शब्द आहे. मोजायचा कंटाळा आला की म्हणायचं, अनंत.” मी विचारलं, मग कड दाखव. कडेच्या पलीकडे काय आहे तेही सांग. त्यावर तू टेबलावरचा कागद उचललास, त्याची नळी केलीस आणि पेन्सिलीनं तिच्याभोवती रेघ ओढत नेलीस. रेघ जिथून निघाली तिथेच परत आली. “बघ. संपतंय, पण कड कुठेच नाही.” मी अर्धा तास तुझं म्हणणं खोडत बसलो आणि त्या दिवसापासून तू मला पाल्हाळ म्हणायला लागलीस. ते नाव मी मनापासून मिरवलं. तुला कधी सांगितलं नाही, पण तुझ्याशी हरण्यात मला गंमत वाटायची. सुरुवातीला तरी.

तुझा पुढचा विचार इतका साधा होता की मला तो का सुचला नाही, याचा मी मनातल्या मनात राग धरला. विश्व असं वळून स्वतःलाच मिळत असेल, तर एकाच ठिकाणचा प्रकाश आपल्याकडे दोन वाटांनी यायला हवा. म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळात निघालेल्या, सगळ्यात जुन्या प्रकाशाच्या नकाशात एक ठसा आकाशाच्या या बाजूला दिसेल आणि तोच ठसा दुसऱ्या बाजूलाही. तू तो जोडीचा ठसा शोधायला निघालीस. आपल्या मार्गदर्शक सरांनी मला तुझ्या मदतीला दिलं, आणि मदतनीस हा शब्द मला किती टोचला होता, हे आज लिहितानाही जरा लाज वाटते. पण लिहितो.

मग तुझे बाबा आजारी पडले. तू सहा आठवडे घरी होतीस. जाताना नकाशांच्या सगळ्या फाइली माझ्या हवाली केल्यास आणि बजावलंस, “काही बदललंस तर वहीत नोंद कर.” परत आलीस तेव्हा वाळली होतीस. बाबा सावरले होते, पण तुझी झोप उडाली होती. बोलता बोलता काय सांगत होतीस तेच विसरायचीस. तरी तीन महिन्यांत तू तो ठसा शोधून काढलास. तू जिन्यावरून धावत आलेली मला आजही दिसतेस. एक चप्पल वरच्या पायरीवरच राहिली होती. “अरे, तेच आहे! तेच आहे रे!” एवढंच म्हणत होतीस. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या माणसाला मी त्याआधी कधी हसतानाही पाहिलं नव्हतं. बाहेरच्या पाहुण्यांना बोलावून सोमवारी सकाळी तुझं व्याख्यान ठरलं.

आता मी शनिवारबद्दल लिहितो. दुपारी तुझ्या व्याख्यानात पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिका छापून घ्यायला मी यंत्रापाशी बसलो होतो. नकाशा पहिल्यांदाच मोठा करून पाहिला. त्या ठशाचा डावा काठ सरळ होता. पट्टीनं आखल्यासारखा. निसर्ग असा काठ आखत नाही. मी तो ओळखला, कारण तो मीच आखला होता. तू गावाला असताना नकाशात एक भाग रिकामा होता. उपकरणानं तिथलं आकाश नोंदलंच नव्हतं, आणि रिकाम्या जागेवर आपला प्रोग्रॅम अडून बसायचा. प्रोग्रॅम चालतो का एवढंच बघायला मी आकाशाच्या दुसऱ्या बाजूचा तेवढाच तुकडा कापला आणि तिथे चिकटवला. फाटक्या सदऱ्याला ठिगळ लावावं तसा. नंतर काढू म्हटलं. नोंद केली नाही. दोनच दिवसांत विसरलो.

मी उठून तुझ्याकडे आलो होतो. हे तुला माहीत नाही. तुझ्या वसतिगृहाच्या फोनपाशी तू पाठमोरी उभी होतीस आणि बाबांशी बोलत होतीस. “बाबा, विश्वाला भिंत नाही, पण ते संपतं. आणि हे सगळ्यात आधी तुमच्या मुलीला कळलंय.” पलीकडून ते काय म्हणाले कोण जाणे, तू रडत रडत हसलीस. मी जसा आलो तसा परत फिरलो. तुझा आनंद मोडवला नाही, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. ते निम्मंच खरं. सरांची भीती होती, माझी शिष्यवृत्ती त्यांच्या एका सहीवर होती. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक गोष्ट होती: तू पडशील तर पड, असं मला एक क्षणभर वाटलं. क्षणभरच. पण रविवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता आणि मी तो कपडे धुण्यात घालवला.

सोमवारी काय झालं ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. पाहुण्यांतले ते म्हातारे प्राध्यापक किती हळू आवाजात बोलले होते. “बाई, दोन वाटांनी आलेला प्रकाश सारखा असेल, मान्य. पण उपकरणाची खरखर दोन्हीकडे कशी काय सारखी?” तू पडद्याकडे वळलीस. मी तुझी मान पाहत होतो. तुला कळलं तो क्षण मला मागून दिसला. सरांनी विचारलं, “तो तुकडा कुणी भरला?” खोलीत वीस-बावीस माणसं होती आणि मी माझ्या पेनाचं टोपण लावत होतो, काढत होतो. तू म्हणालीस, “मीच भरला असेन, सर. बाबांच्या आजारपणात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.” मला वाटलं होतं, तू माझ्याकडे बघशील. तू बघितलंसुद्धा नाहीस, कारण माझ्यावर तुझा संशयच नव्हता.

महिन्याभरानं तू संशोधन सोडून गेलीस. मीच तुझी खोकी स्टँडवर नेली. बसच्या पायरीवर उभी राहून तू मला म्हणालीस, “तुझंही वर्ष वाया घालवलं रे मी. माफ कर.” मी मान हलवली. माफ केल्यासारखी! त्या मान हलवण्याला मी आयुष्यात जेवढा घाबरलो, तेवढा कशालाच नाही.

नंतर मी तो तुकडा काढला, तुझ्याच पद्धतीनं नकाशा पुन्हा तपासला आणि ‘असा ठसा सापडत नाही’ यावर प्रबंध लिहिला. त्यावर नोकरी लागली. सर शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा मला म्हणाले, “ती मुलगी फार वरची होती. मी तिला तेव्हा थांबवायला हवं होतं.” मी त्यांची उशी सारखी केली. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

आणि आता तुझं पत्र आलं. एकोणतीस वर्षांनी, तेच टपोरं अक्षर. मी त्यातलं एक वाक्य रोज वाचतो आहे. दरवर्षी नववीच्या पहिल्या तासाला तू मुलांना आपली चूक सांगतेस, चुकायला घाबरू नये म्हणून. यंदा एका मुलीनं विचारलं, बाई, पण तुमच्याकडून अशी चूक झालीच कशी? आणि तू लिहितेस, ‘मला खरंच आठवत नाही रे, आजही नाही.’ म्हणून तू मला बोलावलं आहेस, विश्वाला कड आहे का ते मुलांना सांगायला. त्याचं उत्तर मी इथेच देतो: आपल्याला माहीत नाही. प्रकाश जिथून आपल्यापर्यंत पोचला आहे, तिथवरचं दिसतं. त्यापुढे ते वळतं की तसंच पसरत जातं, हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तुझं म्हणणं खोटं ठरलेलं नाही. खोटा होता तो माझा तुकडा. हे वाचून मला यायला सांगायचं की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी मला ते बरोबरच वाटेल. फक्त तुझ्या वर्गासमोर तुझा जुना मित्र म्हणून उभं राहण्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं होतं. तुला आठवत नाही, कारण आठवण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस. त्या मुलीला एवढं सांग. चूक बाईंची नव्हती.

तुझाच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
पाल्हाळ