रोवनच्या कालवडींना वळू कोणी निवडायचा

मी, एल्स्पेट रिडॉक, कै. ॲलेक रिडॉक यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार बर्नसाइड, ऑखनार गावाच्या वरच्या अंगाला, ॲबरडीनशायर, धंदा शॉर्टहॉर्न गायींची पैदास, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकील श्री. विशर्ट म्हणाले, "बाई, मला द्या, मी नीट टंकून आणतो." मी म्हटलं, "तुमच्या भाषेत आलं तर माझ्या वारसांना शेवटपर्यंत कळायचं नाही की गायी कोणाच्या झाल्या." मूळ कागद त्यांच्या तिजोरीत राहील. एक नक्कल आजच टपालाने हिलहेडला, माझा धाकटा भाऊ जॉर्ज मच याच्याकडे जात आहे. त्याला अख्खा तालुका डॉड म्हणतो. मीही पुढे तसंच लिहीन.

असल्या कागदात आधी लिहिणारीची शुद्ध तपासतात. मी आधी तुमची तब्येत विचारते. डॉड, तुझी कंबर कशी आहे? ट्रॅक्टरवरून उडी मारून उतरणं आता तरी सोड. नेटा, गुडघ्याची सूज उतरली का? नणंद म्हणून तुला हक्काने सांगते, जिना दिवसातून एकदाच चढ. मोराग बाळा, खोकला गेला का? गोठ्यात जाताना गळ्याला काही गुंडाळत जा. तुझ्या बापालाही लहानपणी हेच सांगून मी थकले होते. आणि मोरागच्या पाच पहिलारू कालवडी? त्या कशा आहेत ते मला माहीत आहे. त्या हडकल्या आहेत, आणि म्हणूनच हा कागद आजच लिहावा लागतो आहे.

माझं म्हणाल तर डॉक्टरांच्या मते काळीज थकलं आहे. डोकं थकलेलं नाही. नजरही थकलेली नाही, हे मुद्दाम नोंदवते, कारण गेली दोन वर्षं ती थकली आहे असं गुरांच्या बाजारात बोललं जातं.

कलम पहिले. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळं डॉडच्या नावे होतं.

कलम दुसरे. बर्नसाइडचं घर आणि त्याभोवतीची जमीन माझी भाची, डॉडची लेक मोराग मच हिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विण्याचा गोठा दिसतो. त्या खिडकीला मी कधी पडदा लावला नाही, तिनेही लावू नये. नेटाला या घरात चुलीजवळची खुर्ची आयुष्यभर मोकळी असावी. नवऱ्याशी भांडून आली असेल तर चहाबरोबर लोणी लावलेला ओटकेकही द्यावा.

कलम तिसरे. बँकेत जे काही निघेल ते ऑखनारच्या चर्चच्या छपरासाठी. बाकांच्या गाद्यांसाठी त्यातली एक पेनीही वापरायची नाही. प्रवचन ऐकताना खालून टोचलं तरच माणूस जागा राहतो.

कलम चौथे. गुरांच्या प्रदर्शनात जिंकलेला चांदीचा चषक मंडळाला परत द्यावा, पोच्यासकट. तो पोचा मीच पाडला आहे. ज्या परीक्षकाने मला पुढच्या वर्षी तिसरं बसवलं, तो म्हणाला होता, "बाई, गायी देखण्या, पण जरा लहानखुऱ्या." मी म्हटलं, "साहेब, त्यांची बाळंतपणं तुमच्या घरी असती तर तुम्हालाही लहानखुऱ्याच आवडल्या असत्या." लोक हसले. तो हसला नाही. मी घरी येऊन चषक भिंतीवर आपटला.

कलम पाचवे. अवजारं. वासरं ओढायच्या सुती दोऱ्या, धुऊन उकळून ठेवल्या आहेत, त्या मोरागला. त्या वापराव्या लागू नयेत म्हणूनच माणसाने वळू नीट निवडायचा असतो. वासरू ओढायचं लोखंडी यंत्र डॉडला. ॲलेक होता तोवर असलं यंत्र या गोठ्यात आलं नव्हतं. ते तुझ्या वळूमुळे आलं, डॉड, तेव्हा तुझ्याकडेच येऊ दे. त्याबरोबर एक नाणंही. सौदा ठरल्यावर विकणारा घेणाऱ्याच्या तळहातावर नशिबाचं नाणं ठेवतो आणि हातावर हात मारतो. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच: जनावरात माझ्या माहितीतली खोड मी लपवलेली नाही. तू ते माझ्या हातावर ठेवलंस. मी ते खर्चलं नाही. घे परत.

कलम सहावे. यात द्यायला काही नाही, सांगायला आहे. श्री. विशर्ट म्हणाले, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग कुठे लिहितात?

आमच्या आईला तिच्या लग्नात एक तांबडी-पांढरी कालवड मिळाली होती, रोवन नावाची. तिचंच रक्त आणि तिचंच नाव माझ्या गोठ्यात चालत आलं. ही गाय मोठी दिसत नाही, पण कुरणात एकटी कोपऱ्यात जाते, आपली आपण विते, आणि आपण पोचेपर्यंत वासरू चाटून उभं केलेलं असतं. हे आपोआप टिकत नाही. पहिलारू कालवडीचा वळू मी कधी प्रदर्शनातल्या फितीवरून निवडला नाही. खांदा चपटा हवा, डोकं ठोकळ्यासारखं नको. मग त्याचं जन्माचं वजन. मग त्याच्या आईला मागून बघायचं, ती कशी व्यायली ते ऐकायचं. चाळीस वर्षं हे करून मी फार थोड्या वेळा गोठ्यात बाही वर केली.

ॲलेकच्या शेवटच्या आजारपणात मी सगळा वसंत ॲबरडीनच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी होते. त्याच वसंतात हिलहेडला डॉडचा वळू चीफटन जन्मला. दोन वर्षांनी तो न विकता उरला होता आणि मला कालवडींसाठी वळू हवा होता. याच टेबलाशी डॉड म्हणाला, "ताई, एकतीस किलोचा होता गं जन्मला तेव्हा. आईला बोटसुद्धा लावावं लागलं नाही. तुझ्या कालवडींना याच्याइतका हलका कुठे मिळणार आहे?"

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. केसाने गळा कापायचा तर केस खराच लागतो.

पुढच्या वसंतात माझ्या कालवडी विऊ लागल्या. वासरं पन्नासच्या पुढची, खांदे दारासारखे. सगळ्यांत चांगली, आईच्या रोवनच्याच वंशातली, भर दुपारी माझ्यासमोर गेली, वासरू आतच. दुसरीही गेली. उरलेल्यांची पोटं डॉ. शोना फार्कर यांनी फाडून वासरं काढली. त्यातल्या एकीलाही पुन्हा गाभ राहिला नाही. डॉडला बोलावलं तसा तो धावत आला. शर्ट काढून कोपरापर्यंत हात घातला, माझ्याबरोबर रडला, माझ्या हातचं बार्लीचं सूप प्यायला. आणि मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. तू त्यांना हिवाळ्यात फार चारलंस. वासरं पोटात पोसली गेली. वय झालं की हात सैल सुटतो."

मी विश्वास ठेवला. त्याला मी कडेवर वाढवला, त्याच्या पहिल्या कालवडी मी दिल्या. तो म्हणतो तर माझाच हात सैल सुटला असणार. बाजाराच्या चहाच्या खोलीतही तो हेच बोलला. त्यानंतर मी वळू निवडणं सोडलं. कोणी मत विचारलं तर म्हणायची, "मला नका विचारू, माझे डोळे गेले."

या वर्षी ईस्टरनंतर मी हिलहेडला चहाला गेले होते. अंगणात पेग आली, नेटाची लाडकी गाय. तिचे कान मी आजवर कितीदा खाजवले असतील. मी सहज म्हटलं, "नेटा, ही एवढी पाच वर्षांची झाली, हिला वासरू का नाही गं?"

नेटा म्हणाली, "वन्सं, ही कधी माजावरच येत नाही. बैलाच्या जोडीला जन्मलेली कालवड वांझच निघते ना, तुम्हाला मी काय सांगू! चीफटनची जुळी बहीण ही. दोघांना दूध कुठलं पुरायला? त्याला आईपाशी ठेवला आणि हिला यांनी माझ्या ओटीत टाकली. बाटलीवर वाढवली हो मी."

डॉड समोरच बसला होता. ओटकेकला लोणी लावत राहिला, लोणी कडेपर्यंत नीट पसरवत.

हे पैदाशीतल्या पोराटोरांना कळतं, तरी जो कोणी हा कागद वाचेल त्याच्यासाठी लिहिते. एका पलंगावर दोघं झोपली की अंग चोरून झोपतात. त्यावरून ती बारीक अंगाची ठरत नाहीत. जुळं वासरू जागा नाही म्हणून हलकं जन्मतं. रक्तात मात्र ते भारीच असतं, आणि त्याची लेकरं एकेकटी पोटात राहिली की भारीच होतात. म्हणून वजन सांगणाऱ्याने जुळं असेल तर त्याच दमात सांगायचं. ते विचारावं लागत नाही.

निघताना फाटकाशी मी त्याला गाठलं. म्हटलं, "चीफटन एकटा नव्हता जन्मला, डॉड."

"तू विचारलं नव्हतंस."

"वजन सांगितलंस."

"वजन खरं होतं, ताई. काट्यावर घातलेलं."

"आणि माझा चारा? माझा सैल हात?"

त्याने फाटकाची कडी दोनदा लावली. मग म्हणाला, "तू रडत होतीस. काहीतरी बोलायलाच हवं होतं ना."

डॉड, तू खरं सांगितलं असतंस तर मी चीफटन घेतलाच असता. मोठ्या, चार-चार वेतं झालेल्या गायींवर सोडला असता आणि वासरं बघून तुला मिठी मारली असती. तू मला वळू विकून फसवलंस हे मी एकदा गिळलं असतं. माझ्या मेलेल्या कालवडी माझ्याच माथी मारल्यास, हे उतरत नाही. ॲलेक गेला त्या वसंतात मी घरी नव्हते, हे तुझ्या सोयीचं झालं. हे तर घशातच अडकलं आहे.

तरी मी गप्प राहिले असते. आता राहता येत नाही, कारण मोराग.

चीफटन जन्मला तेव्हा मोराग न्यूझीलंडला होती. पेग बाटलीवर वाढली एवढंच तिला माहीत आहे. तिच्या पाच कालवडी मार्चमध्ये विणार आहेत. परवा तिच्या गोठ्यात गेले तर फासळ्या मोजता येत होत्या. गव्हाणीत नुसता पेंढा. म्हटलं, "पोरी, यांना सलगम घाल, मूठभर सातू घाल. उपाशी कालवडीच्या अंगात कळा द्यायला जोर उरत नाही. कासेत चीकही धड उतरत नाही."

तिने माझ्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "आत्या, रागावू नकोस हं. तुझ्या कालवडी कशाने गेल्या ते बाबांनी सांगितलंय मला. त्यातूनच तर मी शिकले."

डॉड, तू गोठ्याच्या दारात उभा होतास. तुझ्याच लेकीच्या कालवडी तुझ्या थापेवर उपाशी राहत आहेत, आणि तू खिशात हात घालून आभाळाकडे बघत होतास.

कलम सातवे. माझा सगळा कळप मोराग मच हिला. म्हातारी रोवन मरेपर्यंत तिच्याच जागेवर बांधावी. तिची शेवटची लेक, धाकटी रोवन, येत्या उन्हाळ्यात वळूला दाखवण्याजोगी होईल. आईच्या लग्नातल्या गायीचं रक्त आता या एकीवर आहे. तिला वळू मोरागने स्वतः निवडावा, त्याच्या आईला जाऊन बघावं, आणि पहिला प्रश्न विचारावा: एकटा की जुळा? डॉड मच याने, तो जिवंत आहे तोवर, रोवनच्या रक्ताच्या कोणत्याही कालवडीसाठी वळू निवडू नये, सुचवू नये, आणि निवडीच्या वेळी कुरणाच्या कुंपणाशी उभंही राहू नये. हे मोरागने मान्य केलं तरच कळप तिचा. नाहीतर तो ऑर्कनीच्या बेटांवर, आम्हाला न ओळखणाऱ्या माणसांना विकावा.

हे कलम मला लिहायचं नव्हतं. ते मोडायची वाट डॉडच्या प्रतीवर खाली दिली आहे.

वर लिहिलेलं सर्व मी स्वखुशीने लिहिलं, वाचलं, आणि बदलावंसं वाटलं नाही, म्हणून सही करते.

एल्स्पेट रिडॉक
बर्नसाइड, ऑखनार
मंगळवार, १८ नोव्हेंबर २००८

यांच्यासमोर सही झाली, यांना काही मिळत नाही, आणि दोघांनी चहा घेतला:
१. डॉ. शोना फार्कर, जनावरांच्या डॉक्टर
२. ह्यू बॅरक, टपालवाले

फक्त डॉडच्या प्रतीवर:

डॉड, माझी माफी मागू नकोस, मला ती नको. मोरागला समोर बसव आणि चीफटन जुळा होता एवढं तुझ्या तोंडाने सांग. माझ्याकडून कळलं तर ती बाप गमावेल. तुझ्याकडून कळलं तर थोडे दिवस नुसती रागावेल. कालवडींना सहावा महिना लागला आहे, आत्ता चारा वाढवला तर सावरतील. सेंट अँड्र्यूच्या दिवसापर्यंत, म्हणजे तीस नोव्हेंबरपर्यंत थांबते, त्यापुढे एक दिवसही नाही. मग मी स्वतः येऊन तिला सांगेन, तुझ्यासमोर. तू सांगितलंस तर सातव्या कलमातलं तुझं नाव मी माझ्या हाताने खोडीन, आणि धाकट्या रोवनचा वळू बघायला आपण तिघंही जाऊ. सांगून झालं की मला कळव. कागदावर "सांगितलं" एवढा एकच शब्द असला तरी मला पुरे. लवकर लिही.

तुझी ताई