पेल्यावर वाजलेला चमचा

मंगळवार, संध्याकाळ

सीरियाला जहाजाने माल धाडायची बंदी उठली, म्हणून लगेच दमास्कसला करीमशेठना फोन लावला. बंदीत माझा चहा त्यांच्याकडे जाईना, तरी दर ईदला न चुकता फोन केला मी.

त्यांचा मुलगा म्हणाला, "अंकल, बाबा झोपलेत."

तेवढ्यात मागे पेल्याच्या काठावर चमचा वाजला, दोनदा. बालीगंजला आमच्या घरी यायचे तेव्हाही साखर ढवळून झाली की अस्साच वाजवायचे. माझे कान अजून शाबूत आहेत.

हिने विचारलं, "अहो, काय म्हणाले शेठ?"

"झोपलेत."

"मग उठल्यावर करतील की!"

करतील. झोपेत चमचा वाजवणारा माणूस!

मला टाळलं, ठीक आहे, धंदा आहे. पण त्या पेल्यात चहा कोणाचा होता?